कात्री आणि कान

आज बहुतेक घरांत एखादा तरी मोबाइल फोन असतो. त्यात कॅमेरा असतो आणि आवाज टिपण्याची सोयही असते. घरातले लग्न असो, ईद असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, सारे काही त्यात साठवले जाते. साठवलेले पाहणारे आणि ते पुढे पाठवणारे घरोघर आहेत. परंतु साठवलेल्यातून हवे ते निवडून, नको ते वगळून, उरलेले नीट जोडून काही सांगणारे फार थोडे आहेत. या निवडण्याला, वगळण्याला आणि जोडण्याला संपादन म्हणतात. बोलताना आपण त्यालाच एडिटिंग म्हणतो.

ध्वनी आणि चित्र यांचे संपादन ही चित्रपटवाल्यांची विद्या आहे, असा अनेकांचा समज आहे. मला तसे वाटत नाही. माझे मत असे आहे, की माध्यमिक शाळेतील प्रत्येक मुलाने आणि मुलीने हे काम थोडे तरी स्वतःच्या हाताने करून पाहावे. ज्याच्या हातात एकदा कात्री आली, त्याला दुसऱ्याने कुठे कात्री चालवली आहे, हे कळू लागते. आजच्या काळात हे कळणे लिहिता-वाचता येण्याइतकेच गरजेचे आहे.

पूर्वी हे काम फार कष्टाचे होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्या वेळी फाळके यांचे घर हाच कारखाना होता. फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनात धुणे, तुकडे जोडणे या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा हातभार होता. फिल्म खरोखरच कापावी लागे आणि तिचे तुकडे चिकटवून जोडावे लागत. म्हणून कापण्याआधी चार वेळा विचार करावा लागे.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली. तेव्हा दोन व्ही.सी.आर. एकमेकांना जोडत. एका यंत्रावर मूळ कॅसेट चालवायची आणि हवा तेवढाच भाग दुसऱ्या यंत्रावरील कॅसेटमध्ये उतरवून घ्यायचा. प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडे अधिक अंधूक होई. तरीही जिद्दी माणसे यातूनच शिकली. आपल्या महाराष्ट्रातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवत. व्ही.सी.आर.वर काम करता करताच त्यांना संपादनाची ओळख झाली. २००० सालाच्या सुमारास त्यांनी गावातल्या मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट तयार केला. त्यातले डाकू घोड्यांवरून नव्हे, तर सायकलींवरून येतात! पुढे फैजा अहमद खान यांनी मालेगावच्या या चित्रपटवेड्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट बनवला. २०२५ मध्ये त्यांच्या कहाणीवर आधारलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपटही देशभर प्रदर्शित झाला. ही माणसे कोणत्याही मोठ्या संस्थेत शिकायला गेली नव्हती. हाताशी जे होते, त्यावर त्यांनी काम सुरू केले.

आपल्या हाताशी आज त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. शाळेच्या संगणकावर चालणारी काही सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत मिळतात. ध्वनीसाठी ‘ऑडॅसिटी’ आहे. त्याची सुरुवात १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे प्राध्यापक यांनी ते सुरू केले आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. चित्रासाठी ‘ओपनशॉट’ आणि ‘शॉटकट’ अशी सॉफ्टवेअर आहेत. तीही मोफत आणि नवशिक्यांना जमतील अशी आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम आहे. त्यात अशा मोफत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे अनेक भारतीय भाषांत मिळतात. धडा पाहायचा, थांबवायचा आणि लगेच तसे करून पाहायचे, अशी त्याची पद्धत आहे.

आता प्रश्न येतो, की सुरुवात कोठून करावी? बहुतेक मुले चित्रापासून सुरुवात करतात. अक्षरे उडवणे, रंग बदलणे, एक दृश्य फिरत फिरत दुसऱ्यात मिसळणे, असल्या गमतींत ती रमून जातात. माझा सल्ला वेगळा आहे. सुरुवात आवाजापासून करा. चित्र थोडे अंधूक असले, तरी माणूस पाहत राहतो. पण बोलणे ऐकूच आले नाही, तर तो दोन मिनिटांत उठून जातो. शिवाय आवाजाचे काम करताना डोळ्यांना गुंतवणारे काही नसते. त्यामुळे कानाला शिस्त लागते.

ऑडॅसिटी उघडून तुम्ही बोलू लागलात, की पडद्यावर आवाजाचे एक चित्र उमटते. मोठ्याने बोललात, तर लाटा उंच होतात. हळू बोललात, तर त्या लहान होतात. गप्प राहिलात, तर जवळजवळ सरळ रेष दिसते. संगणक तुमचा आवाज सलग साठवत नाही. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात तो एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतो. ती मापे एकापुढे एक मांडली, की लाट तयार होते. लाटेचा हवा तो भाग माउसने निवडायचा आणि काढून टाकायचा. चूक झाली, तर एक आज्ञा दिली की काढलेला भाग परत येतो. फिल्म कापणाऱ्यांना हे सुख नव्हते.

आपला आवाज पहिल्यांदा ऐकताना वर्गातली मुले हसतात आणि म्हणतात, “सर, हा माझा आवाज नाही!” यात त्यांचा दोष नाही. आपण बोलतो, तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच डोक्याच्या हाडांमधूनही ऐकू येतो. मायक्रोफोनला मात्र हवेतून आलेला आवाजच मिळतो. म्हणजे इतरांना रोज ऐकू येणारा आपला आवाज तोच असतो. स्वतःला दुसऱ्याच्या कानांनी ऐकण्याची ही संधी आहे. आपल्यासारख्या उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना तिचा आणखी एक लाभ आहे. ‘बाल’ आणि ‘बाळ’, ‘मन’ आणि ‘मण’ हे शब्द पाच-पाच वेळा बोलून साठवा आणि पुन्हा ऐका. फरक नीट उमटला नसेल, तर तुमचे कानच तुम्हांला सांगतील. मग कोणी हसण्याची भीती उरत नाही.

ध्वनिमुद्रणाचा दुसरा धडा शांततेचा आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. अर्देशीर इराणी यांनी तो बनवला. त्यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट चाले, म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर करावे लागले. आपल्या घरी रेल्वे नसली, तरी पंखा असतो, रस्त्यावरचा हॉर्न असतो, शेजारचा टीव्ही असतो. रोज आपण हे ऐकतो. पण त्याकडे आपले लक्ष नसते. मायक्रोफोन मात्र काहीही वगळत नाही. म्हणून बोलणे सुरू करण्यापूर्वी पाच-दहा सेकंद सर्वांनी गप्प राहावे आणि त्या खोलीची शांतता टिपून घ्यावी. ऑडॅसिटीमध्ये तेवढा भाग निवडून ‘हा नको असलेला आवाज आहे’ असे संगणकाला दाखवता येते. मग तो पूर्ण ध्वनिमुद्रणातून पंख्याची घरघर बरीच कमी करतो. पण हा उपाय बेताने करावा. जास्त केला, तर माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा थोडा वेळ पंखा बंद करणे केव्हाही चांगले!

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. संपादनाने बोलणे स्वच्छ होते, तसे ते उलटेही करता येते. समजा, एका मुलावर चोरीचा आळ आला. तो म्हणाला, “मी चोरी केली नाही.” हे वाक्य साठवून कोणी शेवटचा एक शब्द काढून टाकला, तर काय उरते? “मी चोरी केली.” आवाज त्याचाच, शब्दही त्याचेच, तरी सारे खोटे! हाच मुलगा उर्दूत म्हणेल, “मैंने चोरी नहीं की.” उर्दूत नकार सहसा क्रियापदाच्या आधी येतो, तर मराठीत तो बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. म्हणजे मराठी वाक्य उलटे करायला शेपूट कापले की पुरे होते. उर्दू वाक्य मधूनच कापावे लागते आणि दोन्ही टोके जुळवावी लागतात. व्याकरणाच्या तासाला तुम्ही नकारार्थी वाक्ये करता, तेव्हा ‘नाही’ या दोन अक्षरांचे मोल कदाचित जाणवत नाही. कात्री हाती घेतली, की ते जाणवते.

हा प्रयोग तुम्ही स्वतःच्या आवाजावर जरूर करा. “मी आज शाळेत गेलो नाही” असे बोला आणि शेवटचा शब्द काढून ऐका. नीट ऐकले, तर काही खुणा सापडतील. वाक्य संपताना आपला आवाज बहुधा खाली येतो. कापलेल्या वाक्यात तो वरच अडकून राहतो. मागची पंख्याची घरघर एकदम तुटते. शब्दानंतर श्वास घेतल्याचा आवाज येत नाही. ज्याने स्वतः कापून पाहिले आहे, त्याचा कान या खुणा पकडतो. ज्याने कधीच कापले नाही, तो ऐकले तेच खरे मानतो आणि घाईघाईने चार जणांना पाठवून देतो.

कधी कधी शब्द न कापताही अर्थ बदलतो. मुख्याध्यापक म्हणाले, “रोज अभ्यास केलात, तर परीक्षा सोपी आहे.” यातला पुढचा भाग गाळून “परीक्षा सोपी आहे” एवढेच कोणी ऐकवले, तर तो अनर्थच होय. म्हणून कोणाचे अर्धे वाक्य ऐकले, की त्याच्या आधी काय होते आणि नंतर काय होते, असे विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

चित्राच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. रशियातील लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला, असे सांगतात. एका नटाचा भाव नसलेला चेहरा त्याने तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा चेहऱ्यानंतर सूपची बशी दाखवली, एकदा शवपेटी दाखवली, एकदा एक स्त्री दाखवली. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख दिसले आणि एकदा प्रेम दिसले. चेहरा मात्र तोच होता! अर्थ दोन दृश्यांच्या जोडणीतून निर्माण झाला होता. व्हिडिओत एका सेकंदात अनेक चित्रे असतात. ओपनशॉटमध्ये ती पट्टीवर मांडलेली असतात. पट्टीचा एक तुकडा ओढून दुसऱ्याच्या शेजारी ठेवला, की तुम्हीही हा प्रयोग करू शकता. तुमच्या मित्राचा साधा चेहरा घ्या. त्याच्यापुढे एकदा बिर्याणीचे ताट जोडा आणि एकदा गणिताची उत्तरपत्रिका जोडा. वर्गाला दाखवा आणि मित्राच्या मनात काय चालले असेल, ते विचारा. उत्तरे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

आता तर संगणक न बोललेले शब्दही एखाद्याच्या आवाजात तयार करू शकतो. तेथे कापल्याच्या खुणा शोधूनही सापडतीलच, असे नाही. अशा वेळी केवळ कानावर विसंबून चालत नाही. हे कोणी टिपले, कधी टिपले, पूर्ण ध्वनिमुद्रण कोठे आहे, हे विचारावेच लागते. हे प्रश्न ज्याला सुचतात, त्याचे अर्धे शिक्षण झाले, असे मी म्हणेन.

काही पालक म्हणतील, “मुले आधीच मोबाइल सोडत नाहीत, त्यात ही नवी भर कशाला?” त्यांची काळजी खोटी नाही. रात्री उशिरापर्यंत एकामागून एक व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाचा अभ्यासही जातो आणि झोपही जाते. पण पाहणे आणि बनवणे यांत मोठा फरक आहे. पाहणाऱ्याला काहीच ठरवावे लागत नाही. बनवणाऱ्याला मात्र दर काही सेकंदांनी ठरवावे लागते, की हे ठेवू का, हे काढू का, येथे थांबू का. एका मिनिटाचा चांगला तुकडा तयार करायला नवशिक्याला दोन-तीन तास सहज लागतात. एवढा वेळ एका वाक्यावर विचार करणारा विद्यार्थी निबंधही अधिक नेटका लिहील, असे मला वाटते. मात्र वेळेची मर्यादा हवी. आठवड्यातून एक-दोन तास, शाळेच्या संगणकावर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम झाले, तर पालकांनाही ते पटेल.

खर्चाचा प्रश्नही मोठा नाही. सॉफ्टवेअर मोफत आहे. महागड्या मायक्रोफोनऐवजी साधा फोन चालतो. तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरला, म्हणजे झाले. खोलीत आवाज घुमत असेल, तर गाद्या किंवा जाड पडदे असलेली खोली निवडावी. मऊ वस्तू आवाज शोषून घेतात.

खर्चापेक्षा जबाबदारीचा प्रश्न मोठा आहे. कोणी आपल्यासमोर बोलतो आणि आपल्याला ते टिपू देतो, तेव्हा त्याचा आवाज ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते. अमानतीत खयानत करू नये, हे आपल्याला घरी शिकवलेलेच असते. त्यासाठी चार नियम पाळावेत. पहिला, विचारल्याशिवाय कोणाचाही आवाज किंवा चित्र टिपू नये. दुसरा, मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नये. कापाकापी करायची ती त्याच्या नकलेवर करावी. तिसरा, अडखळणे, खोकला, तीच तीच वाक्ये काढावीत. पण ‘नाही’, ‘पण’, ‘तर’ आणि ‘कदाचित’ या शब्दांना हात लावण्यापूर्वी थांबावे, कारण बोलणाऱ्याचे खरे म्हणणे बहुधा याच छोट्या शब्दांत असते. चौथा, कुणाची थट्टा करण्यासाठी त्याच्या बोलण्याचे तुकडे जोडू नयेत. तुमच्यासाठी ती एका दुपारची गंमत असते. ज्याची थट्टा झाली, त्याला मात्र ती पुढे कित्येक दिवस शाळेत सहन करावी लागते.

मग करण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे! आपल्या मोहल्ल्यात यंत्रमाग चालवणारे चाचा असतील, रफू करणारे कारागीर असतील, नानखटाई भाजणारा बेकरीवाला असेल. तुमच्या घरी दादी किंवा नानी असेल. तिला लहानपणीचा रमजान आठवत असेल, पहिला रेडिओ आठवत असेल, विहिरीवरून पाणी आणणे आठवत असेल. ही माणसे पुस्तके लिहीत नाहीत. त्यांचे बोलणे टिपले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल. ती उर्दूत बोलली, तर तुम्ही त्यावर मराठीत दोन वाक्यांचे निवेदन जोडा. ऑडॅसिटीमध्ये एका पट्टीवर दादीचा आवाज आणि दुसऱ्या पट्टीवर तुमचे निवेदन ठेवता येते. शेजारच्या मराठी शाळेतील मुलांनी ते ऐकले, तर त्यांना आपल्या घराची ओळख होईल. त्यांच्या आजीचे बोलणे आपण ऐकू. अशी देवघेव भाषणांपेक्षा अधिक जवळीक निर्माण करते.

म्हणून मी तुम्हांला एकच काम सुचवतो. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून त्यांचे पाच मिनिटांचे बोलणे टिपा. त्यातून एक मिनिट निवडा. चार मिनिटे काढून टाकणे सोपे नाही. काय जपावे आणि काय सोडावे, यावर तुमचे स्वतःशीच भांडण होईल. ते होऊ द्या. काम पूर्ण झाले, की ते शिक्षकांना किंवा मित्रांना दाखवण्याआधी ज्यांचे बोलणे आहे, त्यांनाच ऐकवा. ऐकून ते म्हणाले, “होय, मला हेच म्हणायचे होते,” तर तुम्ही परीक्षेत उत्तीर्ण झालात, असे समजा.